गंधकाच्या पंपाला परतीची वाट का लागते

आमच्या विक्रोळीच्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या एका मुलीनं ड्रॉइंगवर बोट ठेवून मला विचारलं, "सर, हा पंप तासाला आठ घनमीटर गंधक उचलतो आणि त्यातला सहा घनमीटर परत त्याच पिटमध्ये ओततो. मग लहान पंपच का नाही घेतला?"

प्रश्न इतका नेमका होता की मी हातातलं काम बाजूला ठेवलं. वितळलेल्या गंधकाच्या पंपाची निवड ज्याला समजली, त्याला या एका प्रश्नाचं उत्तर देता येतं. ज्याला ते देता येत नाही, तो कॅटलॉगमधून पंप निवडतो आणि पुढची दहा वर्षं त्याची किंमत देखभालीच्या लोकांना मोजावी लागते. त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

आधी हा गंधक येतो कुठून ते पाहू. मुंबईत राहणाऱ्याला तो कधी दिसत नाही, पण रोजच्या जगण्यात तो आहेच. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चं इंधन मिळतं. त्यात दर दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात, आधीच्या भारत स्टेज ४ मध्ये ५० चालायचे. कच्च्या तेलातला बाकीचा गंधक रिफायनरीतच काढावा लागतो. माहुलला अशा दोन रिफायनऱ्या १९५० च्या दशकापासून उभ्या आहेत. तेलातला गंधक हायड्रोजनशी जोडून त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू करतात आणि त्या वायूपासून क्लाऊस पद्धतीनं पुन्हा गंधक मिळवतात. या पद्धतीचं मूळ पेटंट १८८३ सालचं आहे. तयार झालेला गंधक पातळ अवस्थेत जमिनीखालच्या काँक्रीटच्या पिटमध्ये साठतो आणि तिथून पंपानं टँकरमध्ये जातो. दुसऱ्या टोकाला सल्फ्युरिक आम्लाचे कारखाने असतात. तिथे वितळलेला गंधक भट्टीत फवारून जाळतात. दोन्ही टोकांना पंप लागतो, आणि दोन्हीकडे तो बहुधा पिटच्या झाकणावर उभा बसवलेला असतो. मोटर वर, लांब शाफ्ट (फिरता दांडा) खाली आणि इम्पेलर, म्हणजे द्रव फेकणारं फिरतं चाक, गंधकात बुडालेलं.

आता गंधकाचा स्वभाव. स्वयंपाकघरातलं तूप तापवलं की पातळ होतं. पिठलं तापवलं की आधी पातळ असतं आणि एका क्षणी एकदम आळतं. गंधक सुरुवातीला तुपासारखा वागतो आणि मग पिठल्यासारखा. साधारण ११९ अंश सेल्सियसला तो वितळतो. १२० अंशांना तो पाण्याच्या दहा-अकरा पट दाट असतो, १५५ अंशांना सात पट. हा दाटपणा काहीच नाही, घरातलं गोडेतेल याहून कितीतरी घट्ट असतं. या पट्ट्यात गंधकाचा रंग मधासारखा असतो आणि तो सहज वाहतो.

१५९ अंशांच्या आसपास मात्र सगळं उलटतं. तोवर गंधकाचे अणू आठ-आठच्या कड्यांत बांधलेले असतात आणि कड्या एकमेकींवरून घरंगळत जातात. इथे कड्या उघडतात आणि त्यांची टोकं एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या तयार होतात. रंग गडद तांबडा-तपकिरी होत जातो. १८७ अंशांच्या जवळपास शुद्ध गंधकाचा दाटपणा पाण्याच्या नव्वद हजार पटींच्या वर पोहोचतो, म्हणजे मधही त्याच्यापुढे पाणी वाटावा. (गंधकात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असेल तर तो साखळ्यांची टोकं बंद करतो. त्यामुळे रिफायनरीतला गंधक इतका घट्ट होत नाही. पण त्या भरवशावर कुणी राहू नये.)

म्हणजे कामाचा पट्टा १२५ ते १५० अंशांचा, फार तर १५५. खाली गेलात तर दगड, वर गेलात तर डिंक. मुंबईचा मे महिना कितीही भाजून काढो, गंधकाच्या हिशेबात ती कडाक्याची थंडीच. म्हणून पाइप, व्हॉल्व्ह, पंपाचा खांब अशा सगळ्यावर वाफेचं जॅकेट, म्हणजे आतून वाफ खेळवणारं वेष्टन, घालावं लागतं. साडेतीन किलो दाबाची संपृक्त वाफ १४८ अंशांची असते, ती अगदी बेताची. काही कारखान्यांत हाताशी दहा किलोची वाफ असते आणि दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून तिची साडेतीन किलो करतात. तो व्हॉल्व्ह बिघडला आणि दहा किलोची वाफ थेट जॅकेटमध्ये शिरली की १८४ अंश होतात, म्हणजे बरोबर ती जागा जिथे गंधक सर्वांत घट्ट. ऑपरेटरला वाटतं लाइन थंड पडून जाम झाली, आणि तो वाफ आणखी उघडतो. गरम होऊन जाम होणारी लाइन ही गोष्ट नव्या माणसाच्या गळी उतरायला वेळ लागतो, म्हणून तिच्यावर एवढा वेळ घालवला. पंपाच्या बाबतीत पुढे हेच आडवं येतं.

आता पंपाकडे येऊ. आपल्या सोसायटीतला पाण्याचा पंप पाहा. वरची टाकी भरली, वॉचमनकाका पंप बंद करायला विसरले, कुणी तरी वरचा व्हॉल्व्ह आधीच बंद करून ठेवला होता. अशा वेळी पंपाच्या केसिंगला (बाहेरच्या कवचाला) हात लावून बघा, चटका बसतो. पाणी बाहेर जात नाही, इम्पेलर तेच तेच पाणी रवीसारखं घुसळतो आणि मोटरची सगळी ताकद उष्णतेत जाते. ही झाली एक गोष्ट. दुसरी डोळ्यांना दिसत नाही. असा इम्पेलर फिरवून द्रव फेकणारा पंप, म्हणजे सेंट्रिफ्यूगल पंप, एका ठरावीक प्रवाहासाठी आखलेला असतो. त्याच्या आसपास चालला तर इम्पेलरभोवतीचा दाब सगळीकडून सारखा राहतो. प्रवाह फार कमी झाला की हा तोल बिघडतो, इम्पेलर एका बाजूला रेटला जातो, शाफ्ट वाकतो, द्रव इम्पेलरच्या तोंडाशीच उलटसुलट भोवरे घालतो आणि पंप थरथरू लागतो.

म्हणून पंप बनवणारे दोन खालच्या मर्यादा सांगतात. याच्या खाली पंप थरथरेल, ही एक. याच्या खाली द्रव फार तापेल, ही दुसरी. दोन्हीपैकी जी मोठी ती पाळायची. गंधकाच्या उभ्या पंपात बहुधा थरथरीची मर्यादा आधी लागते. शाफ्ट लांब, त्याला आधार देणारे बुश गंधकात बुडालेले, आणि त्यांचं वंगणही तोच गंधक. शाफ्ट एका बाजूला रेटला गेला की बुश घासायला लागलेच.

पण तापण्याची मर्यादाही इथे पाण्यासारखी सोडून देता येत नाही. याचं कारण एका आकड्यात आहे. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, तेवढ्याच गंधकाला सुमारे १.१. म्हणजे तेवढ्याच घुसळण्यात गंधक पाण्याच्या जवळजवळ चौपट तापतो. ६० मीटर हेडचा, म्हणजे द्रव ६० मीटर उंच चढवू शकेल एवढ्या जोराचा पंप घ्या. नेहमीच्या प्रवाहाला त्याची कार्यक्षमता ३० टक्के असेल तर गंधक पंपातून जाताना सव्वा अंशानं तापतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. प्रवाह इतका घटला की कार्यक्षमता ५ टक्क्यांवर आली, तर तापमान १० अंशांनी वाढतं. २ टक्क्यांवर आली तर २६ अंशांनी. पिटमध्ये गंधक १४५ अंशांचा असेल तर पंपातून बाहेर पडताना तो १७१ चा.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद असेल तर? समजा केसिंगमध्ये १० लिटर गंधक आहे, म्हणजे १८ किलो, आणि घुसळण्यात ४ किलोवॉट जात आहेत. नुसत्या गंधकाचा हिशेब केला तर मिनिटाला बारा अंश चढतात. १४५ वरून १५९ गाठायला सव्वा मिनिटही पुरे. केसिंगचं लोखंड आपला वाटा घेतं आणि ते पिटमधल्या गंधकात बुडालेलं असल्यामुळे थोडी उष्णता बाहेरही जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त मिनिटं मिळतात. तरीही हा चहाचा कप संपेपर्यंतचा वेळ आहे. एकदा १५९ ओलांडलं की गंधक घट्ट होतो, घट्ट झाला की इम्पेलरला जास्त ताकद लागते, ताकद वाढली की तो आणखी तापतो. पाण्याचा पंप तापला तर पाण्याची वाफ होते. गंधकाचा पंप तापला तर तो स्वतःच्याच हातानं स्वतःला चिकटवून घेतो.

यावर उपाय तो बायपास. पंपाच्या बाहेर सोडणाऱ्या तोंडापासून निघणारी, सदैव उघडी, परत पिटमध्ये जाणारी एक बारीक लाइन. पुढचा व्हॉल्व्ह बंद झाला तरी तिच्यातून किमान प्रवाह चालू राहतो.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे. लहान पंप का नाही?

कारण गंधकाची गरजच विलक्षण लहान असते. रोज ३०० टन सल्फ्युरिक आम्ल बनवणारा कारखाना घ्या. एक टन गंधकापासून साधारण तीन टन आम्ल होतं, म्हणजे रोज सुमारे १०० टन गंधक. ऐकायला अवाढव्य. पण तासाचे झाले ४.२ टन, आणि गंधक पाण्याच्या १.८ पट जड असल्यामुळे घनफळात तासाला जेमतेम २.३ घनमीटर. मिनिटाला ३८ लिटर. घरातल्या बादलीनं मोजलं तर मिनिटाला अडीच बादल्या! एवढ्या मोठ्या कारखान्याची ही तहान. आणि ती भागवायची ती भट्टीच्या फवाऱ्याला लागणाऱ्या ६० मीटरच्या जोरानं. इतका कमी प्रवाह आणि इतकं हेड देणारा, वर जॅकेट घातलेला, तळापर्यंत लांब शाफ्टचा आणि वर्षभर न थांबता चालणारा सेंट्रिफ्यूगल पंप करायचा तर त्याच्या इम्पेलरच्या वाटा इतक्या अरुंद होतील की गंधकातल्या कचऱ्यानं त्या आठवड्याभरात बुजतील. म्हणून कामाचा सर्वांत लहान पंपही गरजेपेक्षा मोठाच मिळतो. गिअर पंप हा दुसरा रस्ता आहे. त्याला कमी प्रवाहाची अडचण नाही, पण त्याचे दाते एकमेकांवर घासतात आणि गंधक हे वंगण म्हणून तेलाच्या पासंगालाही पुरत नाही. त्यात राख किंवा लोहाचे कण असले तर दाते झिजतात. जिथे गंधक स्वच्छ आहे तिथे तो चालतो. मी स्वतः शक्यतो सेंट्रिफ्यूगलच घेतो.

तर हाती आलेल्या पंपाचा उत्तम बिंदू, म्हणजे ज्या प्रवाहासाठी तो आखलाय तो, समजा तासाला १५ घनमीटर आहे आणि बनवणारा म्हणतो ५ च्या खाली चालवू नका. बायपास ६ चा ठेवला, पुढे जाणारा २.३, मिळून ८.३. उत्तम बिंदूच्या ५५ टक्के. हे आदर्श नाही, उत्तम बिंदूच्या ७० ते १२० टक्क्यांत पंप सर्वांत सुखी असतो. पण चालतं. दहा लिटरांतले सात लिटर परत जातात हे खरं, आणि त्यासाठी वीजही जाते, सहा किलोवॉटच्या आसपास, म्हणजे दिवसाला १४० युनिटांच्या वर. ही किंमत उघड्या डोळ्यांनी मान्य करायची. लपवायची नाही, आणि "वाया जातंय" म्हणून व्हॉल्व्ह दाबायचाही नाही.

इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक सांगतो, कारण तिनं मला खरोखर त्रास होतो. प्रोसेसवाला म्हणतो २.३ हवेत, असू दे, ३ लिही. मेकॅनिकलवाला म्हणतो ३ आहेत, पुढे कारखाना वाढला तर, ५ धर. विकणारा म्हणतो ५ चा जवळचा पंप नाही, त्याच्या वरचा घ्या, उत्तम बिंदू ४० चा, भाव तेवढाच पडतो. प्रत्येकानं आपापल्या परीनं काळजीच घेतली. पण ४० च्या पंपाला किमान प्रवाहच १२ ते १५ लागतो. आता बायपासची लाइन मोठी, तिचं जॅकेट मोठं, मोटर मोठी, आणि पिटमध्ये अहोरात्र घुसळण. आणि हे सगळं होऊनही २.३ च्या कामासाठी तो पंप कायम आपल्या उत्तम बिंदूपासून कोसभर दूर. पाण्याच्या कामात मोठा पंप घेतला तर थोडे पैसे जातात. गंधकात मोठा पंप घेणं म्हणजे आजार विकत घेणं. म्हणून माझा आग्रह असतो की सवलत एकाच जागी, एकदाच घालायची आणि ती कागदावर लिहून ठेवायची. क्रमही उलटा करू नये. आधी पुढे जाणारा खरा प्रवाह, मग बनवणाऱ्यानं सांगितलेला किमान प्रवाह, मग त्यावरून बायपास, आणि या दोन्हींच्या बेरजेवर पंप. पंप ठरवून झाल्यावर बायपास "लावला" की तो पुढच्या प्रवाहातून चोरी करतो आणि भट्टीला कमी पडतं.

मोटर निवडतानाही पाण्याची सवय नडते. वरच्या पंपाला पाण्यावर सुमारे ४.६ किलोवॉट लागतील, गंधकावर ८.३. कारण तोच १.८ पट जडपणा. बनवणाऱ्याच्या शेडमध्ये चाचणी पाण्यावर होते, सगळं सुरळीत दिसतं. पाण्याच्या हिशेबानं ७.५ ची मोटर लावली तर ती गंधकात पहिल्याच तासाला ट्रिप होणार. ११ ची लागते. गेजचंही तसंच: ६० मीटर हेडला पाण्यावर ६ किलो दिसतील, गंधकावर पावणेअकरा. हेड तेच, दाब वेगळा.

बायपासमधून नेमका ६ घनमीटरच जावा यासाठी त्यात एक जाड चकती बसवतात, मधोमध भोक असलेली. तिला ऑरिफिस म्हणतात. ६० मीटर हेडला ६ घनमीटर जाऊ द्यायचे तर भोक साधारण १० मिलिमीटरचं येतं, करंगळीही जाणार नाही एवढं. त्या भोकातून गंधक ताशी १२० किलोमीटरच्या वेगानं सुटतो, इतक्या वेगानं आपली लोकलही धावत नाही. पाण्याच्या मोठ्या पंपांना आपोआप उघडझाप करणारे व्हॉल्व्ह लावतात, म्हणजे पुढे पुरेसा प्रवाह असेल तेव्हा बायपास बंद. गंधकात मला ते आवडत नाहीत. त्यांतली स्प्रिंग आणि बारीक फटी गंधकाच्या मळीनं अडकतात आणि ज्या दिवशी उघडायचं त्याच दिवशी ते उघडत नाहीत. लहान पंपाला भोकाची चकती आणि सदा उघडी वाट, याहून भरवशाचं काही नाही. पंप मोठा असेल तर वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा विचार जरूर करावा, वीज वाचते.

त्या चकतीची एक आठवण. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात टँकर भरणाऱ्या पंपाचा खालचा बुश दर सहा-सात आठवड्यांनी जात होता. मला बोलावलं तोपर्यंत त्यांनी तीन वेळा बुशचं मटेरियल बदललं होतं. जुलै महिना, पाऊस धरून. पंप वर काढून ताडपत्रीखाली ठेवला होता. तिथले जुने फिटर, सगळे त्यांना काका म्हणत, त्यांनी बुश पुसून माझ्या हातात दिला.

"साहेब, हा बघा. एकाच बाजूनं खाल्लाय."

मी फिरवून पाहिला. एका बाजूला नखात सापडेल एवढी खाच आणि समोरची बाजू जवळजवळ नवी. शाफ्ट मात्र सगळीकडून सारखा घासलेला. आमच्या धंद्यात हे अक्षर वाचता यावं लागतं. शाफ्टचा तोल बिघडलेला असेल तर शाफ्ट एका बाजूनं झिजतो आणि बुश गोल झिजतो. इथे उलट होतं. म्हणजे कुणी तरी फिरत्या शाफ्टला कायम एकाच दिशेनं रेटत होतं, आणि बंद व्हॉल्व्हवर चालणारा पंप अगदी हेच करतो.

"काका, दोन टँकरांच्या मध्ये तुम्ही पंप बंद करता का?"

"नाही साहेब. बंद केला की परत सुरू होईल याची खात्री नाय. चालूच ठेवतो. बायपास हायच ना."

बायपास होता. पण त्याच्या व्हॉल्व्हचं चाक काढून ठेवलेलं आणि स्पिंडल पूर्ण खाली, बंद. कुणी बंद केला? कुणालाच आठवेना. शिफ्टची जुनी वही चाळली तेव्हा एवढंच कळलं की वर्षभरापूर्वी टँकर भरायला फार वेळ लागतो अशी तक्रार वारंवार लिहिली गेली होती आणि एका दिवसानंतर ती अचानक थांबली. चकती काढून व्हर्नियरनं भोक मोजलं. १० चं १३ मिलिमीटर झालेलं, कडा झिजून गोल, बोटाला गुळगुळीत लागणारी. तीन मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटतं. पण प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळानं वाढतो, म्हणजे १.७ पट. सहाच्या जागी दहा घनमीटर परत पिटमध्ये जात होते. टँकर हळू भरू लागले, कुणी तरी कामाच्या घाईत बायपास दाबला, टँकर झटपट भरू लागले, सगळे खूश. आणि दर दोन टँकरांच्या मधली वीस-वीस मिनिटं पंप आपल्या बुशांवर घासत राहिला.

त्या माणसावर माझा राग नव्हता आणि नाही. त्याला टँकर दिसत होता, बुश दिसत नव्हता. राग आला तो या गोष्टीचा की बायपास कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही कठीण धातूची नवी चकती बसवली, व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळी-कुलूप घातलं, आणि तिन्ही शिफ्टना समोर बसवून हा सगळा प्रकार मराठी-हिंदीत समजावला. दर वार्षिक शटडाउनला चकतीचं भोक मोजायचं, हेही वहीत लिहिलं. पुढच्या दिवाळीला काकांचा फोन आला तेव्हा तोच बुश चालू होता.

लाइन टाकताना काय पाहायचं ते थोडक्यात. बायपास पंपाच्या तोंडाजवळ, नॉन-रिटर्न (उलटा प्रवाह अडवणाऱ्या) व्हॉल्व्हच्या आधी निघाला पाहिजे. तो पिटकडे सतत उतरता हवा, मध्ये कुठे झोळ नको, नाहीतर पंप थांबल्यावर तिथे गंधक साचून गोठतो. व्हॉल्व्हसकट सगळ्यावर जॅकेट. पावसाळ्यात लॅगिंगच्या (उष्णता टिकवणाऱ्या वेष्टनाच्या) पत्र्यातून पाणी शिरलं की मुंबईत जुलैत हमखास एखादा कोपरा गार पडतो, तो बहुधा या बारीक लाइनचाच असतो. गोठलेली लाइन मोकळी करताना कधीही मधून तापवू नये. घन गंधक वितळताना फुगतो (घनता २.०७ वरून १.८ वर येते), दोन्ही टोकं बंद असतील तर पाइप फाटतो. उघड्या टोकाकडून तापवत आत जायचं. आणि दोन पंप असतील तर प्रत्येकाला स्वतःचा बायपास. दोघांत एकच ठेवला तर जोरदार पंप ती वाट अडवतो आणि दुसरा बंद दारावर धडका मारत बसतो.

परतीच्या पाइपाचं टोक कुठे सोडायचं, याकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं, कारण इथे प्रश्न पंपाचा राहत नाही, माणसांचा होतो. रिफायनरीतून आलेल्या गंधकात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असतो, वजनानं दर दहा लाख भागांत २५० ते ३५० भाग. गंधक वरून धबधब्यासारखा पडला की तो ढवळला जातो आणि वायू सुटतो. शिवाय हवेतून पडणाऱ्या गंधकावर स्थिर वीज साठते, आणि पिटच्या छताखाली पेट घेण्याजोगा वायू असेल तर ठिणगीला निमित्त मिळतं. म्हणून टोक गंधकाच्या पातळीखाली बुडवायचं आणि पंपाच्या सक्शनपासून (गंधक आत ओढणाऱ्या तोंडापासून) लांब ठेवायचं, म्हणजे गरम, बुडबुड्यांचा गंधक लगेच परत पंपात शिरत नाही. काही पिटमध्ये वायू काढून टाकण्यासाठी मुद्दाम फवारतात, पण तिथे छताखालची हवा सतत ओढून नेण्याची सोय आधी केलेली असते. आणि हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा येतो, जास्त असला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजून पिटचं झाकण उघडणारी माणसं असतात. खिशाला डिटेक्टर नसेल तर तिथे जायचंच नाही, मग काम दोन मिनिटांचं का असेना.

बायपासचा एक फायदा हिशेबात कुणी धरत नाही. पंप सुरू करताना जॅकेटला वाफ देऊन काही तास थांबायचं, मग शाफ्ट हातानं फिरवून पाहायचा. फिरला तरच बटण दाबायचं, न फिरणाऱ्या शाफ्टवर मोटर सोडली तर तो तुटतो. त्यानंतर पुढची लांब लाइन अजून पुरती तापलेली नसते. अशा वेळी पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप काही वेळ नुसता बायपासवर चालवता येतो. सगळं ठणठणीत आहे हे कळतं आणि मगच गंधक पुढे सोडायचा.

त्या मुलीला मी शेवटी एक काम दिलं. पुढच्या महिन्यात तो पंप साइटवर सुरू होईल तेव्हा पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून तो दहा मिनिटं फक्त बायपासवर चालवायचा. डिस्चार्जचं तापमान दर मिनिटाला लिहायचं, वर मोटरच्या ब्रॅकेटवर थरथर मोजायची, अँपिअर पाहायचे. तापमान दोन-तीन अंश चढून स्थिरावलं तर भोक बरोबर आहे. चढतच राहिलं तर पंप बंद करून चकती काढायची आणि मला फोन करायचा, रात्री दोन वाजता असला तरी.

"आणि स्थिरावलं तर सर?"

"तर तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिही. पाच वर्षांनी कुणाला तरी तो लागेल."